मदत हवी आहे: अकरा वर्षांच्या मधुमेहात बायपास शस्त्रक्रिया करावी का?

नमस्कार.

माझी थोरली बहीण ऐरोलीला राहते आणि तिथल्याच एका शाळेत शिकवते. वय ४९, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, म्हणजे बीएमआय ३३.७. मधुमेहाचे निदान होऊन अकरा वर्षे झाली. सुरुवातीची वर्षे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांवर निभावली. तीन वर्षांपासून रात्री ग्लार्जिन इन्सुलिन सुरू आहे, त्याची मात्रा ३४ युनिटपर्यंत पोहोचली, तरीही मागच्या महिन्यात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतील आकडा) ९.१ आले. इन्सुलिन सुरू झाल्यापासून वजन सहा किलोंनी वाढले, याची तिला साखरेपेक्षा जास्त खंत आहे.

नवी मुंबईतील एका शल्यचिकित्सकांनी गॅस्ट्रिक बायपास सुचवला आहे, म्हणजे जठर लहान करून ते थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडायचे. (बायपास म्हटल्यावर आईला हृदयाचा वाटला आणि दोन दिवस घरात धावपळ झाली.) ठाण्यातील आमचे मधुमेहतज्ज्ञ मात्र म्हणतात की, आधी सहा महिने साखर आणि वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइडचे साप्ताहिक इंजेक्शन आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहार करून पाहावा. दोघांचेही बोलणे ऐकताना पटते, आणि अडचण नेमकी तीच आहे.

मी जे वाचले त्यावरून ताईचे प्रकरण कोणत्याच बाजूच्या गणितात सरळ बसत नाही. केवळ आहाराने मधुमेह मागे हटू शकतो, हे ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले: काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरी घेतलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. पण त्यात निदान होऊन सहा वर्षांहून अधिक झालेले किंवा इन्सुलिनवर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. दुसरीकडे, क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टॅम्पीड’ अभ्यासात इन्सुलिन घेणारेही होते. पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राखणारे बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) गटात २३ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के निघाले. फरक मोठा आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांचा मधुमेह आठ वर्षांहून कमी जुना होता, त्यांनाच हे यश अधिक मिळाले, ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या माहितीपत्रकात कुठेही नव्हती.

बायपासनंतर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते, कारण अन्न लहान आतड्याच्या पुढील भागात लवकर पोहोचून स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी जीएलपी-१ सारखी आतड्यातील संप्रेरके वाढतात. साप्ताहिक इंजेक्शन त्याच संप्रेरकांची नक्कल करते. मग स्वादुपिंडातच फारसे इन्सुलिन उरले नसेल, तर दोन्ही उपायांचा उपयोग कमीच होईल ना? ते किती उरले आहे याचा अंदाज देणारी सी-पेप्टाइड चाचणी अद्याप कोणीही सांगितलेली नाही. निर्णयाआधी ती आम्ही स्वतःहून मागावी का, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, दहा वर्षांहून जुना मधुमेह आणि इन्सुलिन असताना ज्यांनी बायपास करून घेतला, त्यांचे इन्सुलिन चार-पाच वर्षांनंतरही बंद आहे का? पहिल्या वर्षाचे अनुभव भरपूर ऐकले. पुढचे कोणी सांगत नाही. ताईचे हिमोग्लोबिन आधीच ९.८ आहे आणि मेटफॉर्मिनमुळे बी-१२ ही कमी झाले आहे. शस्त्रक्रियेनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागते, हे माहीत आहे. पण सकाळी सातच्या शाळेत उभे राहून शिकवणाऱ्या व्यक्तीला थोडे-थोडे, सावकाश खाणे प्रत्यक्षात कसे जमते, तेही कृपया लिहावे.

खर्चाचाही पेच आहे. आशियाई लोकांसाठीच्या निकषांनुसार अनियंत्रित मधुमेह असल्यास बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार होतो, पण आमच्या आरोग्य विम्यात सहव्याधी असल्या तरी ३५ ची अट आहे. म्हणजे ताईने आणखी सव्वातीन किलो वजन वाढवले तर ती पात्र! भावोजींनी हे हसत सांगितले. ताई हसली नाही. अशा स्थितीत कोणाचा दावा मंजूर झाला आहे का? इंजेक्शनचा खर्च दरमहाचा असतो आणि ते थांबवल्यावर वजन बहुधा परत येते, म्हणून तोही पर्याय स्वस्त म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेसाठी दिवाळीच्या सुट्टीतील तारीख सुचवली आहे. सर्व अहवाल माझ्याजवळ आहेत. आणखी कोणता आकडा लागल्यास विचारावा.