मशिदीचा हॉल आळीतल्या मुलांना उघडायचा की नाही?

नवगावचा_नातू

आमच्याकडे लागोपाठ दोन बैठका एकाच विषयावर मोडल्या, म्हणून इथे मांडतोय. आमची मशीद ठाणे-मुंबई पट्ट्यातली आहे, नाव घेत नाही. (बेने इस्राएल, म्हणजे आम्ही कोकणातले मराठी ज्यू, नसलेल्या वाचकांसाठी: आम्ही घरात सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतो. मांडवीची १७९६ सालची शाआर हारहमीम ती 'जुनी मशीद'.) मागच्या अंगाला एक हॉल आहे. लग्न, मलिदा (आमचा नवसाचा पोह्यांचा विधी) आणि सणांचं जेवण सोडलं तर तो वर्षभर कुलपात असतो. हॉलच्या भिंतीला लागूनच दहा बाय दहाच्या खोल्या. तिथली नववी-दहावीची मुलं जिन्यावर बसून, रस्त्याच्या दिव्यात अभ्यास करतात. मी ठराव मांडला: रविवार ते गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका. आपल्यातल्या दोन निवृत्त शिक्षिका शिकवायला तयार आहेत. रविवारी खिचडी. ठराव बाजूला ठेवला गेला. कारण दिलं, "आपलंच आपल्याला पुरत नाही."

मला हे पटत नाही. आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेलं आठवा. किप्पूर, आपला पापक्षमेचा दिवस, म्हणजे दारं लावून बसायचा सण. पांढरे कपडे, उपास, कुणाशी शिवाशिव नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबाला दान द्यायचं, ओळखीपाळखीच्यांकडे जाऊन यायचं. कोकणातल्या गावात दारात येणारा गरीब कोण असणार? आपला थोडाच! गावात आपली घरं असायची दोन-चार. तरी पूर्वजांनी हे सणातच बसवून टाकलं.

आणखी एक सांगतो. २०२१ च्या जुलैत महाडला पूर आला, तेव्हा आम्ही पाच जण टेम्पोत झाडू, फावडी, ब्लीचिंग पावडर भरून गेलो होतो. एका घरात लोखंडी कपाटाचं दार चिखलाने जाम झालं होतं. घरातल्या आजी म्हणाल्या, बाकी काही नको, तेवढं उघडा. फटीतला गाळ आम्ही सुरीने खरवडत बसलो, पाऊण तास गेला. आत लग्नाचा शालू होता, पार तपकिरी झालेला. त्यांनी तो बादलीत बुडवला आणि आम्हाला विचारलं, "चहा घ्याल का?" घरात प्यायला पाणी नव्हतं. मग विचारलं, तुम्ही कुठले? सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे शनवार तेली ना? माझ्या माहेरी होते. शनवारी घाणा बंद." आपण गाव सोडून दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी त्या बाईंना आपल्या पूर्वजांचा तेलाचा घाणा आठवत होता. ही ओळख कुलपात ठेवून टिकायची नाही.

---

चौगुला

हिशेब मी बघतो, त्यामुळे मला बोलायलाच हवं. आपल्या यादीत एकटी राहणारी अकरा वृद्ध माणसं आहेत. त्यातल्या चौघांची मुलं इस्राएलमध्ये. एका काकूंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, रिक्षाचे पैसे आपण देतो. गावाकडच्या कबरस्तानाची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पडली, आत गुरं चरतात. त्या दगडांवर माझ्या पणजोबांचं नाव आहे.

हा पैसा कोणाचा? कोणी गिरणीतल्या पगारातून, कोणी रेल्वेच्या प्रॉव्हिडंट फंडातून मशिदीला ठेवलेला. ट्रस्ट डीडमध्ये कशासाठी ते लिहिलंय. उद्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून विचारणा झाली तर उत्तर मला द्यायचंय. आणि शास्त्राचंच बोलायचं तर तालमुद या आपल्या धर्मग्रंथात क्रम स्पष्ट आहे: आपला गरीब आणि गावचा गरीब समोर आले तर आपला आधी, गावचा आणि परगावचा आले तर गावचा आधी.

दान करू नये असं माझं म्हणणं नाही. क्रम पाळा, एवढंच.

---

नवगावचा_नातू

काका, क्रम मान्य. पण त्याच तालमुदमध्ये, गित्तीन या भागात, असंही आहे की इस्राएलच्या, म्हणजे ज्यूंच्या, गरिबांबरोबर इतरांच्या गरिबांनाही पोसावं, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करावी, त्यांचे मृत पुरावेत, शांततेच्या वाटेसाठी. 'बरोबर' म्हटलंय, 'नंतर' नाही.

आणि मी पैसे मागितलेच नाहीत. मागितली ती किल्ली. पंखे-दिव्यांचं बिल आणि रविवारच्या तांदूळ-डाळीसाठी वेगळी वर्गणी काढू, पहिलं नाव माझं लिहा.

---

भायखळा_ब्रिज

आपल्या समाजाने या राज्यासाठी काय कमी केलंय? पुण्याचं ससून हॉस्पिटल, काळाघोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी, ससून डॉक. अजून किती द्यायचं?

---

रोह्याची_लेक

ससूनचं नाव दर वेळी येतं आणि मला दर वेळी राग येतो. ससून बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू, बेने इस्राएल नव्हेत. ते पैसेवाले व्यापारी, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी आपल्या लोकांना बरोबरीचं मानलं नाही. त्यांच्या दानाचं मोल मी कमी करत नाही, लाखो गरिबांनी त्या हॉस्पिटलात औषध घेतलंय. पण त्यांच्या पावतीवर आपण किती दिवस जगायचं?

आपलं देणं वेगळ्या जातीचं होतं. डॉ. जेरुशा झिराड घ्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटल त्यांनी सांभाळलं. शहरातल्या सगळ्या धर्मांच्या बायका तिथे बाळंत झाल्या. डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले, वरळीच्या बाजूचा तो रस्ता त्यांच्याच नावाचा. आणि त्यांच्यापलीकडे परिचारिका, मास्तरणी, पोस्टातले कारकून. यांनी हात दिले, इमारती नाही.

आता मूळ विषयावर. मी ठरावाच्या बाजूने आहे, पण नातवा, एक गोष्ट तू लिहिली नाहीस. रविवारची खिचडी कोण शिजवणार? स्त्री मंडळ १९१३ पासून आहे आणि तेव्हापासूनचा माझा अंदाज असा की पुरुषांनी ठराव करायचे आणि बायकांनी पातेली उचलायची. मागच्या सणाला साठ जणांचं जेवण आम्ही चौघींनी केलं. सगळ्यात लहान मी, आणि मी छप्पन्न वर्षांची आहे. पातेलं उतरवताना एकीच्या मनगटाला वाफ लागली, पंधरा दिवस पट्टी होती. वर भाषण झालं की आपल्या समाजाची सेवावृत्ती फार मोठी. तेव्हा आधी नावं लिहा. कोणत्या रविवारी कोण भाजी चिरणार आणि कोण भांडी घासणार, तेही.

---

अश्दोदहून

मी इथे इस्राएलमध्ये १९७१ पासून. 'मायबोली' हा मराठी अंक येतो तो वाचतो, तुमचंही वाचतो. बोललेलं कडू लागेल, पण ऐका.

मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात. तुमच्याकडे साध्या शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेला, किती येतात? कोकणातल्या एका मशिदीत गेल्या भेटीत गेलो होतो. शमाशने, मशिदीच्या सेवकाने, कुलूप उघडलं, हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) उघडून दाखवला, दिवा लावला. आम्ही आलो म्हणून लावला. लाकडी बाकांवर हात फिरवला तर धुळीत बोटं उमटली. याच बाकावर माझे वडील बसायचे. आम्ही चौघे होतो, कद्दीश, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणता आला नाही.

प्रार्थना उरली नाही तर तुमची संस्था म्हणजे नुसतं समाजमंदिर. अभ्यासिका महापालिका काढू शकते, गणेश मंडळ काढू शकतं. शब्बाथ दुसरं कोणी पाळणार नाही. तुमच्यात जी थोडी ताकद आहे ती मुलांना हिब्रू शिकवण्यात घाला.

---

नवगावचा_नातू

अंकल, कडू लागलं, कारण खरं आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात आपण पाच हजारांच्या आत होतो. आमच्याकडे कधी बारा येतात, कधी सात.

पण महाडच्या टेम्पोतल्या पाचांपैकी दोघे बार मित्झ्वानंतर (तेराव्या वर्षीच्या विधीनंतर) मशिदीची पायरी चढले नव्हते. प्रार्थनेला बोलावून थकलो होतो. फावडं घ्यायला पहाटे पाचला हजर.

---

अश्दोदहून

पुढच्या शनिवारी आले का?

---

नवगावचा_नातू

एक आला, अजून येतो. दुसरा नाही आला.

---

माझगावकर_८६

मी ज्यू नाही, मुसलमान आहे. तुमच्या घरच्या गोष्टीत बोलावं की नाही, दोन दिवस विचार केला. पण मी सर एली कदूरी शाळेत शिकलोय, म्हणून बोलतो.

ही शाळा हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी काढली, तेव्हा इस्राएलाइट स्कूल म्हणायचे. आज तिथे बहुतेक मुलं आमची. माझे अब्बा गोदीत हमाल होते. त्या शाळेमुळे मी आज नोकरी करतो, दोन बहिणींची लग्नं केली. हे मी विसरणार नाही.

पण दहा वर्षं शिकलो आणि एकाही ज्यू माणसाशी बोललो नाही. फलकावरची नावं वाचायचो, तेवढंच. पहिली ओळख झाली ती सव्विसाव्या वर्षी, ऑफिसात. टिफिन उघडला तर नारळाच्या दुधातली भाजी आणि भाकरी. म्हणाला, आमच्याकडे मटणासोबत दूध-दही चालत नाही, म्हणून नारळाचं. मला धक्का बसला, की हा माणूस माझ्याहून चांगलं मराठी बोलतोय. टीव्हीवर ऐकून मी काय काय समजून बसलो होतो ते सांगायला लाज वाटते.

म्हणून एवढंच म्हणेन, हॉल उघडलात तर तुमच्यातलं कोणी तरी तिथे बसा. किल्ली वॉचमनकडे देऊन घरी जाऊ नका.

---

शब्बाथ_सकाळ

सगळे एका गोष्टीला बगल देताहेत. २६ नोव्हेंबर २००८. नरिमन हाऊस या मुंबईतल्या ज्यू केंद्रात रब्बी (धर्मगुरू) गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिवका आणि त्यांचे पाहुणे मारले गेले, ते ज्यू होते म्हणून. तेव्हापासून आपल्या दाराशी पोलीस बसतो, वही असते, बॅग तपासली जाते. मी दोन लहान मुलं घेऊन येते. रोज चाळीस अनोळखी मुलं, त्यांना न्यायला येणारे पालक, कोण आलं कोण गेलं कोण बघणार? माझा कोणावर संशय नाही. आई म्हणून विचारते.

---

रोह्याची_लेक

बाई, तुझी भीती खरी आहे. मीही ते तीन दिवस टीव्हीसमोरून उठले नव्हते. पण त्या घरातून त्यांच्या दोन वर्षांच्याही आतल्या मुलाला, मोशेला, उचलून बाहेर आणलं ते सँड्रा सॅम्युएलने. ती सांभाळणारी बाई, आपल्या धर्माची नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या.

नोंदणी करू. मुलाचं नाव, शाळेचं ओळखपत्र, पालकांचा फोन. हॉलचा मागचा दरवाजा आळीत उघडतो, प्रार्थनागृहाकडे यायची गरजच नाही. मधलं दार बंद ठेवायचं. पोलीस चौकीला आधी लेखी कळवायचं.

---

कळवा_खाडी

एक अनुभव, सावधगिरी म्हणून. कळव्याच्या वस्तीत २०१२ पासून गॅब्रिएल प्रोजेक्ट या ज्यू संस्थेचं काम आहे. शिकायला येणाऱ्या मुलांना गरम जेवण, बायकांना त्यातून रोजगार. जगभरातून ज्यू तरुण येऊन शिकवून गेले. जेवणाची कल्पना फार चांगली, कारण पोर कामाला न जाता वर्गात बसतं. मी शेजारीच राहतो, काही रविवार जायचो. परदेशी ताई-दादा काही आठवड्यांनी जायला निघाले की पोरं रडायची. एका मुलीने मला विचारलं, "तू पण जाणार?" मी म्हटलं, मी पुलापलीकडचा, कुठे जाणार. आणि पुढच्या महिन्यात ऑफिस बदललं, जाणं सुटलं. ती मुलगी अजून डोळ्यांसमोर येते.

सुरू करणार असाल तर दहावीच्या परीक्षेपर्यंत चालेल एवढी माणसं आधी मोजा. मधेच बंद करणार असाल तर उघडू नका.

---

चौगुला

मी विरोधात होतो, अजूनही पूर्ण बाजूने नाही. पण माझगावकरांचं वाचून काल रात्री बराच वेळ बसलो होतो. माझी धाकटी आत्या त्याच शाळेत शिक्षिका होती.

तीन अटी घालतो. एक, मशिदीच्या फंडातून रुपया जाणार नाही, वेगळी वही. दोन, अभ्यासिकेला येणारे आपले कार्यकर्ते आठवड्यातून एकदा त्या अकरा घरीही जातील. काकूंना डायलिसिसला घेऊन जाणं त्यात आलं, नुसता फोन चालणार नाही. तीन, पावसाळ्याआधी एक रविवार कबरस्तानाला. भिंतीचे दगड तिथेच पडलेत, गवंडी मी बघतो, उचलायला माणसं हवीत.

---

नवगावचा_नातू

तिन्ही मान्य, काका. दुसरी अट तर मलाच सुचायला हवी होती. शिक्षिकांपैकी एक त्या अकरांतल्याच आहेत. पंचाहत्तरीच्या आहेत, गणित शिकवायच्या. हॉलचं विचारल्यापासून जुन्या वह्या काढून बसल्यात. दर दोन दिवसांनी मला फोन करून विचारतात, अभ्यासक्रम बदलला का रे.

ताईंच्या म्हणण्याप्रमाणे नावं लिहितोय. आत्तापर्यंत दहावीच्या परीक्षेपर्यंत थांबू म्हणणारे सहा जण. पहिल्या रविवारची भांडी मी आणि टेम्पोतला तो दुसरा मुलगा, त्याला विचारलंय, हो म्हणालाय. कमीत कमी दहा हवेत, म्हणजे चार कमी आहेत.

---

शब्बाथ_सकाळ

मंगळवार माझा लिहा. दाराशी नोंदवही घेऊन मी बसेन.

---

अश्दोदहून

तांदळाचे पहिल्या वर्षाचे पैसे माझ्याकडून. आणि कबरस्तानाच्या रविवारी दहा जण असतील तर माझ्या वडिलांच्या नावाने कद्दीश म्हणा. नाव चौगुलांना पाठवतो.