मदत हवी आहे: कागदपत्रं नसलेल्या आजींना भरती कसं करायचं? (सांगली)

सांगली एसटी स्टँडजवळ साठीच्या एक आजी राहतात. डाव्या टाचेला जखम, वरून दुधाची पिशवी सुतळीनं बांधलेली. परवा ग्लुकोमीटरवर साखर ३४२ आली. आधार, रेशनकार्ड काहीच नाही. गाव जतकडचं सांगतात, पण तिथे आता कुणी नाही म्हणे.

१०८ ला एकदा बोलावलं. ड्रेसिंग झालं, गोळ्या मिळाल्या, पण भरतीचं म्हटल्यावर 'सोबत नातेवाईक कोण?' इथे गाडी अडली. निवारा केंद्रात गेलो तर म्हणाले, जखम बरी झाली की आणा. (मग बरी करायची कुठे?) आजींची यायची तयारी आहे, फक्त गाठोडं सोडणार नाहीत. डोकं अगदी ठिकाणावर आहे, त्यामुळे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांनी नेण्याचा मार्ग इथे नको.

औषधांचा खर्च आम्ही चौघं बघू, रात्री सोबत थांबणं मात्र जमणार नाही. सांगली-मिरजेत कुणी असा पेशंट भरती केलाय का? नातेवाईकाच्या जागी काय चाललं, सरकारी दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांची (पेशंटच्या सामाजिक अडचणी बघणाऱ्या अधिकाऱ्यांची) सही की पोलिसांचं पत्र? आणि डिस्चार्जनंतर ड्रेसिंग चालू असताना बाईमाणसाला ठेवून घेणारी जागा कुठे आहे?