'काळात' की 'काळांत'?

प्रश्न : इंग्रजी व्याकरणाच्या मराठी टिपणात हे वाक्य आहे : 'साध्या वर्तमान व भूतकाळात प्रश्न विचारताना डू, डज, डिड ही सहायक क्रियापदे वापरतात.' काळ दोन आहेत, मग 'काळांत' नको का?

उत्तर : हवेच. 'काळ' हे अकारान्त पुल्लिंगी नाम, त्यामुळे प्रथमेत वचन कळतच नाही : एक काळ, बारा काळ. ते कळते सामान्यरूपात, तेही एका टिंबावरून. 1962च्या लेखननियमांप्रमाणे अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा असतो. बोलताना तो बहुतेकांच्या तोंडून उमटत नाही, म्हणून लिहितानाही गळतो. 'साध्या'चीही मदत नाही, ते दोन्ही वचनांत सारखेच. शिवाय ते फक्त वर्तमानाला लागू की भूतकाळालाही, हा घोळ आहेच. मी लिहीन : 'साधा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांत...' वाक्य लांबते, पण शंका उरत नाही.

प्रश्न : याच न्यायाने 'क्रियापदांची तीन रूपे' म्हणायचे?

उत्तर : तिथे मला एकवचनच बरे वाटते. गो, वेंट, गॉन ही एका क्रियापदाची रूपे. 'क्रियापदांची तीन रूपे' म्हटले की सगळ्यांची मिळून तीनच, असाही अर्थ निघतो. वर्गात बाई 'सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवा' म्हणतात, 'बोटे' म्हणत नाहीत. (पण 'सगळ्यांनी माना डोलावल्या' हेही मराठीच, तेव्हा याला नियम म्हणवत नाही.) आणि पुट, पुट, पुट? दिसायला एक, तरी 'रूपे' तीनच धरायची.

आणखी एक मत : आधी मोजायचे काय ते ठरवा. शाळेतले 12 काळ म्हणजे 3 काळ आणि प्रत्येकाचे 4 प्रकार. अनेक भाषाशास्त्रज्ञ तर इंग्रजीत वर्तमान आणि भूत हे दोनच काळ मानतात, कारण खुद्द क्रियापदाचे रूप बदलून तेवढेच दाखवता येतात. भविष्यासाठी 'विल'सारख्या शब्दाची मदत लागते. प्रकार मोजत असाल तर 'सहायक क्रियापद हॅड हे भूतकाळाच्या दोन प्रकारांत येते' असे लिहा : काळ एकवचनी, प्रकार अनेकवचनी. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र काळ मानत असाल तर 'पूर्ण आणि चालू पूर्ण या दोन भूतकाळांत'. दोन्ही चालतील, फक्त एकाच टिपणात दोन्ही नकोत.