जॅकेटिंगला मराठीत काय म्हणायचं?

करवीरकर: राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगचे कॉलम फुगून तडकलेत. रिपोर्ट इंग्रजीत आलाय, त्यात ‘जॅकेटिंग’ करा म्हटलंय, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवं काँक्रीट चढवायचं. सभासदांसाठी मराठी सूचना काढायचं माझ्या गळ्यात पडलंय. ‘स्तंभांचे प्रबलीकरण’ लिहिलं तर सेक्रेटरी म्हणाले, हे वाचणार कोण? ‘मजबुतीकरण’ केलं तर वरच्या मजल्यावरच्या आज्जी विचारतात, रस्ता कधी सुरू करताय? शब्द सुचवा.

मुळाक्षर: प्रबलीकरणच ठेवा. ‘मजबूत’ अरबी, आणि ‘जप्त’ त्याच धातूतला. इमारत बळकट करायचीय की जप्त?

तालीमवाला: मग बळकटीकरण म्हणा की. आणि काँक्रीट कुठल्या वेदातलं, सांगा जरा.

साइटवरून: आधी एक. कॉलम फुगत नाही, आतली सळी फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, फोडतो. दुसरं, तुमचे कॉलम जन्मापासूनच प्रबलित, म्हणजे सळ्या घातलेले आहेत, त्यामुळे त्या शब्दानं नवं काय केलं ते कळतच नाही. इथं सुटं झालेलं कव्हर काढायचं, सळ्या घासायच्या, भोकं पाडून इपॉक्सीत (चिकटवायचा रसायनी लगदा) डॉवेल, म्हणजे जुनं-नवं जोडणारे सळीचे तुकडे, बसवायचे, भोवतीनं नव्या उभ्या सळ्या नि रिंगा बांधून काँक्रीट ओतायचं. आयएस १५९८८ या भारतीय मानकाप्रमाणे नव्या थराची जाडी निदान १०० मिमी, तीही दोन्ही अंगांना. म्हणजे ९ इंची बाजू १७ इंचांवर जाणार. गाड्या कुठं लावायच्या ते सूचनेत पहिलं लिहा! बाकी आमचे सेंट्रिंगवाले सरळ ‘जाकीट’ म्हणतात.

तालीमवाला: जाकीट! नाद खुळा. आज्जींनाही कळंल.

मुळाक्षर: जाकीट पुढून उघडं असतं. ‘आवेष्टन’ बघा.

साइटवरून: भिंतीला चिकटलेल्या कॉलमला तीनच बाजूंनी चढतं, म्हणजे उघडंच की. आवेष्टन म्हटलं तर लोकांना बिस्किटाचा पुडा दिसंल.

शेंडापार्क: सळी की सळई? आमच्यात स्लॅबला सळी, खिडकीला गज.

मुळाक्षर: शलाकेवरून सळई. सळी हा आळस.

तालीमवाला: साऱ्या कोल्हापूरचा आळस मग. आज्जींसाठी कॉलमला ‘डांब’ लिहिलं तर?

शेंडापार्क: डांब लाइटचा. कॉलमला कोण म्हणतं?

तालीमवाला: आमच्या गोठ्यात म्हस बांधायची तोही डांबच.

मुळाक्षर: तो खुंटा हो! खुंट्याला डांब म्हणणारे कागलकडचे असणार.

तालीमवाला: गारगोटीकडचे. आणि लहान असला तर खुंटा, छातीएवढा असला तर डांब. या बघायला.