नाकाच्या सायनसचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन टाळता येईल का? मदत हवी आहे

उदगीरकर : वडिलांची गाठ काढून तीन आठवडे झाले. ती पूर्ण निघाली असे सांगूनही डॉक्टर आता साडेसहा आठवडे रेडिएशन घ्या म्हणतात. हा खटाटोप कशासाठी, आणि किती वर्षांची आशा धरावी? सोमवारी निर्णय कळवायचा आहे.

मांजराकाठ : कर्करोगाचा प्रकार, गाठीची जागा आणि स्टेज कळल्याशिवाय काय सांगणार?

गोदातीर : माझ्या मामांची शस्त्रक्रिया झालीच नाही; रेडिएशन व केमोवर ते आठ वर्षे ठणठणीत आहेत. आपण घाई केलीत.

मांजराकाठ : आपल्या मामांचा आजार बहुधा नाकामागच्या घशाचा असावा. तिथे मुख्य उपचार रेडिएशनच असतो. सायनसच्या गाठीत, ती काढता येण्यासारखी असेल तर, शस्त्रक्रिया आधी.

उदगीरकर : प्रकार स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, जागा मॅक्सिलरी सायनस (गालाच्या हाडातली पोकळी), स्टेज टी3, मानेत काही नाही. वर्षभर एकाच नाकपुडीतून रक्त येत होते आणि घोळणा फुटला म्हणून आम्ही थंड पाण्यावर निभावले. वडील सुतार आहेत.

पळसबाग : मग लाकडाचा भुसाच कारण! घरातल्या सर्वांचे सीटी स्कॅन करून घ्या.

मांजराकाठ : हे कोणी विचारले होते? लाकडाच्या धुळीचा सर्वांत घट्ट संबंध अॅडिनोकार्सिनोमा या वेगळ्या प्रकाराशी आहे, आणि रोग नसलेल्यांचे स्कॅन कशाला? उदगीरकर, टी3 म्हणजे गाठ सायनसच्या बाहेर हाडात किंवा शेजारच्या भागांत शिरलेली. डोळ्यांना दिसणारे सारे निघाले तरी पेशी उरण्याची शक्यता राहते आणि हा रोग बहुतेकदा त्याच जागी परततो, रेडिएशन त्यासाठी. अमेरिकेच्या आकडेवारीत नाक व सायनसचा कर्करोग जागच्या जागी असताना पाच वर्षांचे जगणे 80 टक्क्यांच्या वर, तर आसपास पसरल्यावर निम्म्याच्या घरात दिसते. मात्र त्यात सर्व प्रकार एकत्र मोजलेले आहेत, म्हणून तो आकडा वडिलांच्या कपाळी लावू नका.

हिमरू : डोळा जवळ असल्याने आयएमआरटी (शेजारचे अवयव वाचवून नेमक्या जागी दिले जाणारे रेडिएशन) मिळेल का, एवढे मात्र अवश्य विचारा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करा.

गोदातीर : उदगीरहून बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ पडते. आठवड्यातून पाच दिवस जायचे आहे, हे विसरू नका.

उदगीरकर : दोन दाढा हलत आहेत. त्या रेडिएशन झाल्यावर काढल्या तर चालतील?

मांजराकाठ : नाही. रेडिएशननंतर दाढ काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून काढायच्याच असतील तर आधी काढून जखम दहा ते चौदा दिवस भरू द्यावी लागते. रेडिएशन शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे, त्यातले तीन गेलेच आहेत. सोमवारची वाट न पाहता उद्याच दंतवैद्यांकडे जा.