अँग्रच्या चित्रातला निळा झगा बाहुलीसाठी शिवताना कापड कोणते घ्यावे?

प्रश्न
अँग्र या फ्रेंच चित्रकाराने 1851 ते 1853 या काळात रंगवलेले प्रिन्सेस द ब्रॉग्ली यांचे व्यक्तिचित्र मला अतिशय प्रिय आहे. त्यातला फिकट निळा सॅटिनचा झगा 29 सेंमी उंचीच्या बाहुलीसाठी शिवावा, अशी माझी इच्छा आहे. पण माझ्याजवळच्या सॅटिनला कमरेशी चुण्या घातल्या, की तिथे जाड गोळा होतो आणि घेर खाली झुकण्याऐवजी ताठ उभा राहतो. कापड बदलावे की बेतण्याची पद्धत?

उत्तर 1
दोन्ही बदलावे लागेल, पण आधी कापड. ही बाहुली माणसाच्या साधारण एक षष्ठांश असते. झग्याची मापे आपण सहापट लहान करतो, कापडाची जाडी मात्र तशीच राहते. त्यामुळे नेहमीचे सॅटिन बाहुलीच्या अंगावर गोधडीसारखे वागते. हाबोताईसारखे अगदी पातळ रेशीम घ्या. त्याची चमक सौम्य असते, आणि लहान आकारात तीच चित्रातल्या चमकेच्या जवळ जाते, कारण सॅटिनवर प्रकाशाचे पट्टे फार रुंद आणि भडक दिसतात.

बेतताना सरळ पट्ट्याला चुण्या घालण्याऐवजी वर किंचित निमुळत्या होत जाणाऱ्या कळ्या (कापडाचे उभे तुकडे) काढा, म्हणजे खालचा घेर कायम राहून कमरेशी कापड कमी येईल. टाका सुमारे 1.5 मिमीचा ठेवा. मार्जिन 5 मिमी सोडून शिवा आणि शिवून झाल्यावर ते कातरून 3 मिमीवर आणा. दोरे सुटू नयेत म्हणून कडांना कापडाचा पातळ गोंद लावता येतो, मात्र रेशमावर डाग पडतो का, हे आधी तुकड्यावर पाहावे.

उत्तर 2
वरील मताशी मी सहमत आहे, परंतु इतके पातळ रेशीम आपल्या बळावर फुललेले राहणार नाही. पोलादी कड्यांच्या क्रिनोलिनचे, म्हणजे झग्याखाली घालून घेर फुलवणाऱ्या सांगाड्याचे, पेटंट 1856 मधले, म्हणजे हे चित्र पूर्ण झाल्यानंतरचे आहे. त्यापूर्वी घेर फुलवण्याचे काम एकावर एक घातलेले परकर करत. बाहुलीला तेवढे परकर घातले तर कंबर नाहीशी होईल, म्हणून पातळ मलमलीचा एकच परकर शिवावा आणि त्याला नेटची झालर कमरेऐवजी नितंबांच्या खाली जोडावी.

उत्तर 3
हातावर सराव बसेपर्यंत एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ यांनी 1783 मध्ये रंगवलेला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा पांढरा मलमली पोशाख आधी करून पाहावा, असे मी मनापासून सुचवेन. राणीने इतक्या साध्या वेशात दिसणे त्या वेळी अनेकांना अशोभनीय वाटले आणि चित्र प्रदर्शनातून काढून घ्यावे लागले. शिवणाऱ्याला मात्र तो साधेपणा फार उपकारक आहे: मलमल आपोआप मऊ चुण्या घेते, आणि कमरेचा फिकट सोनेरी पट्टा जोडाची शिलाई झाकतो.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. मलमलीपासूनच सुरुवात करते. झगा घालता-काढता यावा म्हणून मागे किती उघडा ठेवावा?

उत्तर 1
बाहुलीचे खांदे आणि नितंब सहज आत जावेत इतका, म्हणजे नितंबांच्या खालपर्यंत. बंद करायला लहान टिचबटणे लावा. चोळीवर हुकांचा फुगवटा समोरूनही जाणवतो.