मुलं त्याच्याशी बोलतच नाहीत, त्याच्या शॅडो ताईशी बोलतात

ठोकळे_आवरा

नमस्कार. बालवाडीत छोट्या गटाला शिकवते, यंदा अकरावं वर्ष. वर्गात १८ मुलं, साडेतीन ते साडेचार वयाची. त्यातला एक ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. सोनू म्हणू या, खरं नाव नाही. चार-पाच शब्द बोलतो, बाकी काही हवं असलं की आपला हात धरून तिथे नेतो.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. "चला, आवरा" म्हटलं की किंचाळायचा आणि शेजारी जो असेल त्याला चावायचा. पालकांचे फोन, मग मीटिंग, शेवटी त्याच्यासाठी शॅडो टीचर आली, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या सोबत राहून मदत करणारी ताई. मुलगी गुणी आहे, जीव लावते. ती आल्यापासून चावणं जवळजवळ बंद. सगळे खूश, मीसुद्धा.

मागच्या आठवड्यात एक गोष्ट बघितली आणि तेव्हापासून चैन नाही. सोनू भिंतीशी ठोकळ्यांची रांग लावत होता. एक मुलगी निळा ठोकळा घेऊन आली आणि शॅडोताईला म्हणाली, "ह्याला हा हवाय का?" ताई म्हणाली, "हो, दे ना." मुलीने ठोकळा ताईच्या हातात दिला, ताईने सोनूच्या हातात ठेवला, मुलगी गेली. सोनूने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. का बघेल? त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहीत खुणा करत बसले. सकाळभरात मुलं सोनूसाठी काही घेऊन किंवा विचारायला आली नऊ वेळा. नऊच्या नऊ वेळा ताईकडे. चावायचा तेव्हा निदान त्याच्याशी भांडायची तरी.

शॅडोला हे कसं सांगू? तिचं काही चुकत नाहीये, तिला वाईट वाटेल. आणि तिला लांब बसवलं आणि तो परत कोणाला चावला तर?

---

खडू_आणि_डस्टर

मी स्पेशल एज्युकेटर आहे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवते. तुम्ही जे पाहिलंत ते जुनं दुखणं आहे. अमेरिकन संशोधक मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शाळांमधून नेमका हाच अभ्यास मांडला होता: मदतनीस मुलाला सतत चिकटून राहिला की वर्गमित्र दुरावतात, मूल मोठ्यांवर विसंबून राहतं आणि वर्गशिक्षक हळूहळू त्याच्यावरची आपली जबाबदारी सोडतात.

चावणं का थांबलं तेही बघा. बहुतेक वेळा असं होतं की ताई त्याला काय हवंय ते आधीच ओळखते, त्यामुळे त्याला मागायची वेळच येत नाही. शांतता मिळते, पण मागायला शिकण्याची संधी जाते.

तिला शेजारून उठवून मागे बसवा, हातभर अंतरावर, बुटक्या स्टुलावर. कोणी तिला विचारलं तर एकच उत्तर: "त्यालाच विचार." मग गप्प राहायचं. मनात दहा आकडे मोजायचे. हे दहा आकडे फार लांब असतात, मोठ्या माणसांना राहवत नाही. मुलांना त्याची भाषाही सांगून टाका: हात पुढे केला म्हणजे हवंय, पाठ फिरवली म्हणजे नको. चार वर्षांच्या मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं.

आवरायच्या वेळेसाठी वाळूचं घड्याळ आणि चित्रांची पट्टी (आता ठोकळे, मग हात धुणे, मग गोष्ट) सगळ्या वर्गासाठी लावा, एकट्या सोनूसाठी नको. किंचाळणारा तो एकटा असेल, पण खेळ मध्येच तुटलेला कोणालाच आवडत नाही.

एकदम लांब करू नका. दिवसातली त्याची सगळ्यात सोपी दहा मिनिटं निवडा, तिथून सुरू करा.

---

दातांचे_वळ

थोडं कडू बोलते, माफ करा. माझ्या मुलीच्या दंडावर असे वळ दोन दिवस होते. दुसऱ्या शाळेत, दुसरं मूल. सगळे मोठे त्या मुलाभोवती धावले. त्याला शांत करणं गरजेचं होतं, कळतं मला. पण माझी मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती, आणि तिला कोणी विचारलं ते पंधरा मिनिटांनी. घरी आल्यावर म्हणाली, "मीपण चावले तर ताई माझ्याकडे येतील?"

तेव्हा अंतर वाढवायच्या आधी हे ठरवा की चावलं तर ज्याला चावलं त्या मुलाकडे कोण जाणार. नाव घालून. आणि मुलांना हात पुढे करून "थांब" म्हणायला शिकवा. अशा मुलांना सगळ्यांबरोबर एकाच वर्गात घेण्याला माझा विरोध नाही, त्याची किंमत कोणत्या मुलाने दिली हे कोणी बघत नाही त्याला आहे.

---

पूर्वीची_शॅडो

तीन वर्षं हे काम केलंय. आता दुसरं करते.

तुम्हाला वाटतंय तिला वाईट वाटेल. मला विचाराल तर तिला सुटल्यासारखं वाटेल. मला पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं होतं: "लक्ष ठेवा, कोणाला लागता कामा नये." झालं, एवढंच प्रशिक्षण. कुठे ओरखडा जरी आला तरी सगळे माझ्याकडे बघायचे. मग मी मुलाला चिकटणार नाही तर काय करणार? ती मायेने चिकटली असेलही, पण भीतीनेही चिकटली असणार.

तिला एकटीला बसवून स्पष्ट सांगा की तुझ्या लांब बसण्यात काही झालं तर पालकांना उत्तर मी देईन. हे आधी. स्टूल वगैरे नंतर.

दुसरं, राग मानू नका. मुलांच्या खुणा केल्यात, स्वतःच्या केल्यात का? तुम्ही दिवसात किती वेळा सोनूशी थेट बोलता? आमच्या वर्गात बाई मला विचारायच्या, "आज त्याचा मूड कसा आहे?" तो माझ्या मांडीवर बसलेला असायचा. मुलं तेच बघून शिकली.

---

खडू_आणि_डस्टर

वरचा प्रतिसाद माझ्या प्रतिसादाच्या आधी वाचा असं म्हणेन.

एकच भर: मुलं लगेच त्याच्याशी *मिळून* खेळतील अशी अपेक्षा ठेवू नका. संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात नुसतं बघत उभं राहणं आहे आणि शेजारी बसून आपापलं खेळणंही आहे. शेजारी कोणी बसलं तर ते मोजा.

---

ठोकळे_आवरा

तीन आठवड्यांनी लिहितेय.

खुणा केल्या स्वतःच्या. पहिल्या दिवशी दोन. त्यातली एक "सोनूला हात धुवायला ने ना", म्हणजे त्याच्या डोक्यावरून ताईलाच. वही मिटून ठेवली थोडा वेळ.

शॅडोताईशी बोलले. आधी गप्प बसली, मग रडली, मग म्हणाली की रोज घरून निघताना तिच्या पोटात गोळा येतो. मला माहीतच नव्हतं. आता रोज गोष्टीच्या वेळी आम्ही अदलाबदल करतो, ती वर्गाला गोष्ट सांगते, मी सोनूजवळ बसते. (गोष्ट ती माझ्यापेक्षा चांगली सांगते. असो.)

चावण्याचं म्हणाल तर एकदाच. मला, मनगटाला. चूक माझी, वाळू संपायच्या आधी घड्याळ उचललं. त्यामुळे "कोण कोणाकडे जाणार" हा कागद भिंतीला लागलाय, पण अजून वापरावा लागला नाही. वळवाल्या ताई, तो तुमच्यामुळे लागला.

निळ्या ठोकळ्याची मुलगी परवा आली. ताईने "त्यालाच विचार" म्हटलं. तिने विचारलं. तो काहीच बोलला नाही. ती थांबली, मी मनात सातपर्यंत आले होते, तोवर तिने ठोकळा रांगेच्या टोकाला ठेवून दिला. सोनूने तो उचलला आणि मध्ये कुठेतरी घुसवला. "इथे होय?" असं म्हणून ती शेजारी बसली आणि स्वतःची वेगळी रांग लावायला लागली.

आवरायची घंटा वाजवायचं काम आता त्याच्याकडे आहे. मुलं "सोनू, वाजव ना" म्हणत त्याच्या मागे. अडचण एवढीच की तो दहा मिनिटं आधीच वाजवतो, तीनदा. उद्यापासून घंटा वरच्या फळीवर.